घरात स्वतःचा टीव्ही असणे आता खरोखर अत्यावश्यक राहिले आहे का?

प्रश्न: कोथरूडकर

आमच्या घरातील टीव्ही चार महिन्यांपूर्वी बंद पडला. ३२ इंची संच होता, २०१२ साली घेतलेला. दुरुस्तीसाठी आलेल्या गृहस्थांनी मागचे झाकण उघडून पाच मिनिटांत निदान केले, की पॅनेल गेले आहे, या संचाचे पॅनेल आता सहजी मिळत नाही आणि मिळालेच तर तेवढ्या पैशांत थोडी भर घालून नवा टीव्ही येईल. संच भंगारवाल्याने नेला. भिंतीवर चार भोके आणि एक लोंबती केबल तेवढी मागे राहिली. नवा घेण्यासाठी आम्ही दोनदा दुकानात जायला निघालो आणि दोन्ही वेळा मध्येच दुसरे काहीतरी काम निघून ते राहून गेले. जी वस्तू आणायची राहून जाते आणि तरीही घर चालते, तिला अत्यावश्यक म्हणावे का, असा प्रश्न आता पडला आहे.

घरात आम्ही चौघे आहोत. पत्नी आणि मी नोकरी करतो. आमच्या बातम्या, सामने आणि मालिका मोबाइलवर किंवा लॅपटॉपवर होतात. मुलगी चौथीत आहे. पहिला आठवडा तिने कुरकुर केली, नंतर चित्रकलेची वही बाहेर काढली. मात्र पत्नीचा मोबाइल मागण्याचे तिचे प्रमाणही वाढले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आई ७४ वर्षांची आहे. तिने या चार महिन्यांत एका शब्दानेही तक्रार केलेली नाही. सकाळी पूजा, दुपारी वाचन आणि संध्याकाळी इमारतीतल्या इमारतीत तासभर फेरफटका असा तिचा दिवस छान जातो. अडचण होते ती पाहुण्यांची. सोफा रिकाम्या भिंतीकडे तोंड करून मांडलेला असल्यामुळे येणारा प्रत्येक जण बसल्याबरोबर भिंतीकडे पाहतो आणि मग आमच्याकडे.

माझा कल टीव्ही न घेण्याकडे आहे. ज्यांनी अनेक वर्षे टीव्हीशिवाय काढली आहेत, आणि विशेषतः ज्यांच्या घरी वडीलधारी माणसे आहेत, त्यांचे अनुभव आणि मते वाचायला आवडतील.

जुना_गिरगावकर

आपल्या प्रश्नात ‘स्वतःचा’ हा शब्द आहे आणि सगळी गोम तिथेच आहे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले तेव्हा मी कॉलेजात होतो, आणि त्यानंतरची किमान आठ-दहा वर्षे मी भरपूर टीव्ही पाहिला. आमच्या घरी मात्र टीव्ही नव्हता. चाळीत आमच्या मजल्यावर एकच संच होता, लाकडी कपाटातला, सरकत्या दारांचा. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट आणि रविवारी हिंदी चित्रपट असला, की त्या बिऱ्हाडाबाहेर चपलांचा ढीग पडत असे. लहान मुले पुढे जमिनीवर, बायका मध्ये, पुरुष दारात आणि गॅलरीत उभे, अशी बैठक आपोआप ठरलेली होती. मध्येच ‘व्यत्यय’ अशी पाटी आली तरी कोणी उठत नसे, कारण उठले की जागा जाई.

त्या बिऱ्हाडाचे हाल आम्हाला तेव्हा कळले नाहीत. त्या माउलीला रविवारचा स्वयंपाक चारच्या आत उरकावा लागे, घरात आजारी माणूस असले तरी दार लावता येत नसे, आणि वर पोस्टात जाऊन टीव्हीच्या परवान्याचे पैसे भरायचे ते त्यांनीच. हा परवाना १९८०च्या दशकाच्या मध्यावर रद्द झाला. टीव्हीची मालकी म्हणजे त्या काळी एक प्रकारची सार्वजनिक सेवाच होती, आणि ती विनावेतन होती.

पुढे १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आले आणि काही वर्षांतच ज्याच्या-त्याच्या घरात संच दिसू लागले. चाळीतली दारे संध्याकाळी बंद राहू लागली ती तेव्हापासून. आमच्याकडेही १९८६ साली टीव्ही आला. तो आम्हाला अत्यावश्यक होता म्हणून आला असे मला वाटत नाही. शेजारच्यांनी घेतल्यावर त्यांच्याकडे जाऊन बसणे कमीपणाचे वाटू लागले, म्हणून तो आला.

आज माझ्याकडे ४३ इंची टीव्ही आहे. कसोटी सामना असला की मी तो लावतो आणि उपाहाराच्या आत मला झोप लागते. तेव्हा माझ्या मताला किती महत्त्व द्यायचे ते आपण ठरवा.

नागपूरचा_वकील

‘अत्यावश्यक’ या शब्दाचा कीस आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयापर्यंत काढला गेला आहे, म्हणून थोडे विषयाला धरूनच सांगतो. तामिळनाडूत २००६च्या विधानसभा निवडणुकीत द्रमुकने घरोघरी मोफत रंगीत टीव्ही देण्याचे आश्वासन दिले आणि सत्तेवर आल्यावर ते अमलातही आणले. सरकारी तिजोरीतून टीव्ही वाटणे हा सार्वजनिक हेतू होऊ शकतो का, या मुद्द्यावर एस. सुब्रमण्यम बालाजी यांनी त्याला आव्हान दिले. ग्रामीण भागातील गृहिणींना करमणूक आणि सामान्य ज्ञान मिळावे, हा योजनेचा हेतू असल्याची बाजू मांडली गेली. ५ जुलै २०१३ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली आणि अशा वाटपाचा संबंध राज्यघटनेतील मार्गदर्शक तत्त्वांशी, म्हणजे लोककल्याणासाठी राज्याने काय करावे हे सांगणाऱ्या कलमांशी, जोडला. त्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून २०२२ मध्ये हा विषय तीन न्यायमूर्तींच्या पीठाकडे सोपवण्यात आला.

माझे मत असे, की टीव्ही गरजेचा आहे की चैनीचा, हे वस्तूकडे पाहून ठरवताच येत नाही. ज्या घरात दुसरा कोणताही पडदा नाही, तिथे तो गरज आहे. ज्या घरात चार माणसांमागे सहा पडदे आहेत, तिथे तो सातवा आहे. कोथरूडकर, आपल्या घरात कोणते पडदे आहेत हे आपण सांगितलेत, पण ते कोणाकोणाच्या हातात आहेत हे एकदा मोजून पाहावे.

तारेवरची_कसरत

मी वीस वर्षे केबल आणि डिशचे काम करतो आहे. एक गोष्ट आधी वेगळी करून घ्यावी: टीव्हीचा संच निराळा आणि वाहिन्यांची जोडणी निराळी. हल्ली निम्मी गिऱ्हाइके संच ठेवतात आणि केबल तोडतात. २०१९ साली ट्रायची, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, नवी दरपद्धत आली, तेव्हा पहिल्या १०० वाहिन्यांसाठी १३० रुपये आणि कर धरून साधारण १५३ रुपये नुसते जोडणीचे झाले. त्यावर सशुल्क वाहिन्यांचे पैसे वेगळे. कोणती वाहिनी हवी ते तुम्हीच निवडा, असे लोकांना सांगितल्यावर आपण नेमके काय पाहतो याचा लोकांनी पहिल्यांदाच हिशेब केला, आणि तिथूनच गळती वाढली.

ज्याला दरमहा काहीही द्यायचे नाही, त्याच्यासाठी दूरदर्शनची फ्री डिश आहे. २००४च्या डिसेंबरात ती सुरू झाली. एकदा छत्री आणि डबा घेतला की पुढे रिचार्ज नाही. सह्याद्री तिच्यावर हमखास दिसते. खासगी मराठी वाहिन्यांचे सांगता येत नाही, कारण त्यांच्या जागांचा लिलाव होतो आणि आज असलेली वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असे नाही. क्रिकेटपुरते सांगायचे, तर २००७च्या कायद्यामुळे भारतीय संघाच्या अधिसूचित सामन्यांचे प्रक्षेपण खासगी वाहिन्यांना दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यावे लागते, आणि त्यामुळे ते फ्री डिशवर फुकट पाहता येतात. आयपीएल त्यात येत नाही.

मोबाइलवर सगळे होते असे आपण म्हणता ते खरे आहे, पण फुकट होत नाही. चांगल्या प्रतीचे चित्र तासाला दोन-तीन जीबी सहज खाते. दिवसाला दोन जीबीच्या पॅकवर एक डावसुद्धा पुरा होत नाही. शिवाय इंटरनेटवरचे थेट प्रक्षेपण काही सेकंद मागे चालते. शेजारच्या फ्लॅटमधून ‘गेला!’ अशी आरोळी येते, तेव्हा आपल्या मोबाइलवर गोलंदाज अजून धावत असतो. विजेची चिंता मात्र करू नका. ३२ इंची एलईडी संच ५० वॉटच्या आसपास वीज घेतो. रोज पाच तास लावला तरी महिन्याला सात-आठ युनिट होतात.

घ्यायचाच असेल तर एक सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरील टीव्हींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे दुकानदार मोठा घ्या म्हणून मागे लागतील. वडीलधाऱ्या माणसांसाठी पडद्याच्या मापापेक्षा रिमोट महत्त्वाचा असतो. चालू केल्याबरोबर वाहिनी दिसली पाहिजे. चालू केल्यावर पन्नास चौकोन दिसणारा टीव्ही घेऊन गेलेली मुले आठवड्याच्या आत मला फोन करतात.

खडू_फळा

मी सांगली जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. आमच्या जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव नावाचे गाव आहे. २०२२ पासून तिथे रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो, टीव्ही आणि मोबाइल बंद होतात, आणि साडेआठपर्यंत मुलांनी अभ्यास व मोठ्यांनी वाचन किंवा गप्पा करायच्या असा रिवाज गावाने घालून घेतला आहे. त्याची बरीच वाहवा झाली आणि ती योग्यही आहे. मात्र लोक एक गोष्ट विसरतात: गावाने टीव्ही घराबाहेर काढले नाहीत, त्यांना दीड तासाची सुट्टी दिली. जी गोष्ट सर्वांच्या डोळ्यांसमोर चालते, ती सर्वांनी मिळून बंद करता येते. मोबाइलवर तसा पहारा ठेवणे किती अवघड असते, हे कोणत्याही आईला विचारावे.

टीव्हीची खरी किंमत मला २०२० मध्ये कळली. शाळा बंद होत्या. ऑनलाइन वर्ग घ्या असे वरून सांगितले जात होते आणि माझ्या वर्गातील जवळपास निम्म्या मुलांच्या घरी स्मार्टफोन नव्हता. जिथे होता तिथे तो वडिलांबरोबर कामावर जात असे. त्या जुलैपासून सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. इयत्तेची वेळ मी मुलांना पाठ करायला लावली होती. ज्यांच्या घरी टीव्ही नव्हता ती मुले शेजारी जाऊन बसत, तोंडाला रुमाल बांधून. एक मुलगी टीव्ही पाहून केलेला प्रयोग मला दाखवायला बाटली घेऊन शाळेच्या फाटकापर्यंत आली होती.

त्यामुळे टीव्हीला सरसकट नाव ठेवणे माझ्याकडून होत नाही. कोथरूडकरांची मुलगी टीव्ही गेल्यावर मोबाइल मागू लागली, यात मला नवल वाटले नाही.

फोंड्याची_सून

वरील सगळे वाचले. सर्वांनी पैशांचा, कायद्याचा आणि मुलांचा विचार केला आहे. आपल्या आईविषयी मात्र कोणीच विचारले नाही, आणि आपणही ‘तक्रार केलेली नाही’ एवढ्यावर तो विषय मिटवलात, म्हणून लिहिते आहे.

माझ्या सासूबाई फोंड्याजवळ एका मोठ्या जुन्या घरात एकट्या राहतात. दोन वर्षांपूर्वी आम्ही त्यांना टॅबलेट नेऊन दिला. मालिका, कीर्तन, भजन, नाटके, सगळे त्यात आहे असे आम्ही कौतुकाने समजावून सांगितले. पुढच्या खेपेला गेलो तेव्हा तो कपाटात, नव्या साडीच्या घडीत ठेवलेला सापडला. त्या म्हणाल्या, की बोट कुठेही लागले तर भलतेच काहीतरी उघडते, पैसे जातील की काय अशी भीती वाटते, आणि मुख्य म्हणजे ‘काय बघायचे ते मीच शोधायचे असेल, तर मला काही सुचत नाही.’ हे वाक्य मी बरेच दिवस मनात घोळवले. आपल्याला निवड म्हणजे सोय वाटते. त्यांना ती दिवसभराच्या कामांत आणखी एक काम वाटते. टीव्हीचे बटण दाबले की कोणीतरी आधीच ठरवून काहीतरी लावलेले असते, आणि ते अमुक वाजता संपते. सातच्या बातम्या लागल्या की तुळशीपाशी दिवा, साडेआठची मालिका संपली की जेवण; घरातले घड्याळ बंद पडले होते तेही त्यांना आठ दिवसांनी कळले.

मालिकांना आपण शिक्षित मंडळी हसतो. सासवा-सुनांची ती कारस्थाने मलाही पाहवत नाहीत. पण रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ या काळात बिहार, हरियाणा, तामिळनाडू, दिल्ली आणि आमचे गोवे येथे जी पाहणी केली, तिचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या गावांत केबल पोहोचली, तिथे नवऱ्याने बायकोवर हात उचलणे योग्य मानणाऱ्या बायकांचे प्रमाण कमी झाले, मुलगाच हवा हा आग्रह कमी झाला आणि घरातील निर्णयांत बायकांना अधिक वाव मिळू लागला, असे त्यांना आढळले. आता तेवढा परिणाम टीव्हीचा राहिला असेल असे मी म्हणणार नाही. ती वेळ वेगळी होती. परंतु घराबाहेरचे जग जिच्याकडे फक्त त्या एका पेटीतून येत होते, तिच्या लेखी ती पेटी काय होती, हे त्यातून समजते.

वकीलसाहेबांनी सांगितलेली मोजणी आपण करावीच. आपल्या घरी आईच्या हातात कोणता पडदा आहे?

लेस्टरकर

थोडी भर घालतो. इथे ब्रिटनमध्ये प्रश्न उलटा आहे: टीव्ही घरात नसला तरी परवाना लागू शकतो. कोणत्याही वाहिनीचे थेट प्रक्षेपण पाहायचे असेल, मग ते मोबाइलवर का असेना, किंवा बीबीसीचे आयप्लेअर हे अॅप वापरायचे असेल, तर परवाना हवा. १ एप्रिल २०२५ रोजी त्याचे वर्षाला १७४ पौंड ५० पेन्स झाले होते. कृष्णधवल संचासाठी अजूनही वेगळा, स्वस्त परवाना मिळतो, याची मला गंमत वाटते. पूर्वी ७५ वर्षांवरील सर्वांना तो मोफत होता. ऑगस्ट २०२० पासून ही सवलत केवळ पेन्शन क्रेडिट, म्हणजे कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना दिली जाणारी सरकारी मदत, मिळणाऱ्यांपुरती राहिली, आणि तेव्हा इथे जो गदारोळ झाला त्यातला मुख्य मुद्दा फोंड्याच्या ताईंनी मांडला तोच होता. माझ्यापुरते म्हणाल तर माझ्याकडे सहा वर्षे टीव्ही नाही आणि मला त्याची उणीव भासलेली नाही. मी ३४ वर्षांचा आहे आणि माझे आईवडील इचलकरंजीला आहेत, हेही त्यासोबत लक्षात घ्यावे.

कोथरूडकर

सर्वांचे आभार. फोंड्याच्या ताईंचा प्रश्न वाचून मी मोजणी केली. घरात तीन स्मार्टफोन, दोन लॅपटॉप आणि मुलीचा शाळेसाठीचा एक टॅबलेट आहे. आईकडे बटणांचा साधा फोन आहे.

रात्री जेवताना मी तिला सरळ विचारले, की तुला टीव्ही नसल्याने चुकल्यासारखे होते का. ती म्हणाली, ‘मला कुठे चुकतंय? मी रोज बघते की.’ संध्याकाळचा जो फेरफटका मी वर लिहिला आहे, तो दुसऱ्या मजल्यावरील काकूंच्या बैठकीच्या खोलीत संपतो, हे आम्हाला चार महिन्यांनी कळले. तिथे तळमजल्यावरच्या आणखी एक आजी येतात. कधी आई वाटीभर काही घेऊन जाते, कधी रिकाम्या हाताने जाते. मालिका संपली की तिघी मिळून तिची निंदा करतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जमतात. जुना_गिरगावकर यांचे उत्तर मी तिला वाचून दाखवले, तर तिने एवढेच विचारले, की त्या माउलीला चहा तरी कोणी करून देत होते का.

मग मी म्हटले, आपण आपल्याकडे घेऊ टीव्ही, म्हणजे तुला जिने चढावे-उतरावे लागणार नाहीत. त्यावर ती काही बोलली नाही. पत्नीचे म्हणणे असे, की घेतला तर आईचे जाणे थांबेल. आणि न घेतला, तर आपल्या घरातला टीव्ही त्या काकूंच्या डोक्यावर ठेवल्यासारखे होईल. शेवटी आईनेच तोड काढली. ती म्हणाली, की घ्या, पण आठवड्यातले तीन दिवस त्या दोघींना आपल्याकडे बोलवायचे, आणि त्या वेळी तुम्ही बैठकीच्या खोलीत यायचे नाही.

तेव्हा ३२ इंची, साध्या रिमोटचा संच घेण्याचे ठरले आहे. तारेवरची_कसरत यांना एकच विचारायचे आहे. आमची गॅलरी पश्चिमेकडे आहे. तिथे फ्री डिशची छत्री बसेल का?

तारेवरची_कसरत

पश्चिमेच्या गॅलरीत बसणार नाही. तिचा उपग्रह पुण्यातून आग्नेयेला दिसतो आणि मध्ये आपलीच इमारत येईल. छत्री गच्चीवर बसवून वायर खाली सोडावी लागेल. त्यासाठी सोसायटीला लेखी अर्ज द्या. मात्र त्याआधी काकूंच्या घरी कोणती मालिका चालते ते विचारून घ्या. ती फ्री डिशवर नसली, तर छत्री, वायर आणि माझी मजुरी, तिन्ही वाया जातील.